वरच्या दुधाआधी

बडोद्यात बाळंतीण दवाखान्यातून घरी येते ती साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. सिझेरियन झालं असेल तर आणखी दोन-तीन दिवसांनी. अंगावर दूध उतरतं तेही याच सुमारास, दुसऱ्यापासून पाचव्या दिवसापर्यंत कधीही, आणि सिझेरियननंतर पुष्कळदा थोडं उशिरानेच. म्हणजे छाती दाटून येते, टाके ओढतात, बाळ रात्रभर रडतं, तेव्हा नर्स मागे राहिलेली असते आणि समोर असतात फक्त घरचे. घरचे घाबरतात. कुणीतरी म्हणतं, ‘हिला दूधच पुरत नाही.’ सकाळी कोपऱ्यावरचं मेडिकल उघडलं की डबा येतो. डब्याबरोबर बाटली येते. आठवडाभरात बाळ अंगावर प्यायला कुरकुर करू लागतं आणि घरचे म्हणतात, बघा, आम्ही म्हणत नव्हतो!

हे पुस्तक त्या चार-पाच रात्रींसाठी आहे. स्तनपानावर आजवर जे लिहिलं गेलं ते बहुतेक आईला उद्देशून: आईने हे खावं, आईने असं बसावं, आईने काळजी करू नये. काळजी करू नका असं सांगितल्याने कुणाची काळजी गेल्याचं ऐकिवात नाही. या पुस्तकाचा वाचक वेगळा आहे. बाळंतिणीच्या घरी जाणाऱ्या बाईसाठी ते लिहिलं आहे. मग ती आशा बहेन असो, आंगणवाडीची सेविका असो, मालिशवाली असो, समोरच्या फ्लॅटमधली दोन मुलांची आई असो, की जळगावहून रात्रीच्या गाडीने आलेली बाळंतिणीची स्वतःची आई असो. ‘दूध पुरत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा मदत पुरलेली नसते. तिचा उपाय आईच्या अंगात शोधत बसलं की डब्यापाशीच पोचायला होतं.

आईच्या दुधाचा विषय निघाला की मराठी माणसाला हिरकणी आठवते. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, सूर्यास्ताला बंद झालेले दरवाजे, खाली घरात तान्हं मूल आणि अंधारात उतरलेला कडा. एस.टी. स्थानकांवरच्या स्तनपानाच्या खोल्यांना महाराष्ट्राने तिचंच नाव दिलं. नाव चांगलंच आहे. पण ही कथा शेकडो वर्षं सांगताना एक प्रश्न आपण कधी विचारला नाही: त्या संध्याकाळी वाडीत दुसरी एकही लेकुरवाळी नव्हती का, पोराला घटकाभर छातीशी धरायला? आईने एकटीने कडा उतरावा आणि आपण वर बुरूज बांधावा, ही वाटणी आपल्याला सोयीची वाटते. त्याच काळातली दुसरी बाई आपण कमी आठवतो. संभाजी महाराज 14 मे 1657 रोजी पुरंदरावर जन्मले. सईबाईंची तब्येत बरी नव्हती, दूध पुरेना, म्हणून कापूरहोळच्या गाडे पाटलांच्या घरातल्या धाराऊंना आणलं गेलं. सईबाई 1659 च्या सप्टेंबरात गेल्या. धाराऊ आजही महाराजांची दूधआई म्हणूनच ओळखल्या जातात. राजाच्या घरीसुद्धा आईच्या पाठीशी दुसरी बाई लागते हे तेव्हा कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. आपल्याला पुस्तक काढावं लागतं आहे.

बडोद्याच्या घरांत ही दुसरी बाई पूर्वी होती. गायकवाडांच्या मागोमाग आलेली मराठी घराणी रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा या भागांत दाटीने राहत. वाड्यात चार चुली असल्या तरी एखादी आजी, एखादी विधवा आत्या, एखादी सुईण हाताशी असे. पुढे जीएसएफसी (1962), कोयलीची रिफायनरी (1965), आयपीसीएल (1969) असे कारखाने आले. त्यांच्याबरोबर खानदेशातून, नाशिकाकडून, कोकणातून नोकरीवर आलेली नवरा-बायकोंची जोडपी आली आणि कॉलनीतल्या दोन खोल्यांत संसार मांडला. आज गोत्री, वासणा, मांजलपूर, वाघोडिया रोडच्या उंच इमारतींत त्यांची मुलं-नातवंडं राहतात. पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज अजून टिकून आहे, गुजराती घरांत पियर आणि आपल्याकडे माहेर. पण माहेरची आईसुद्धा आता बँकेत नाहीतर शाळेत नोकरी करते आणि तिला पंधरा दिवसांच्या वर रजा मिळत नाही. दुसऱ्या खेपेला तर माहेरही नसतं. घरात नवरा, एक पाच वर्षांचं पोर आणि मोबाइल.

जुन्या सव्वा महिन्याबद्दल भाबडेपणाने बोलण्यात मात्र अर्थ नाही. त्यात सोनं होतं आणि मातीही होती, आणि दोन्ही एकाच हाताने वाढली जात. बाळंतिणीला पाणी भरायला, चुलीपाशी बसायला, पाहुण्यांच्या सरबराईला लावायचं नाही हा नियम म्हणजे सोनं. तिच्या अंगाला तेल लावून शेक द्यायचा, तिला आधी जेवायला वाढायचं, बाळ घेऊन तिच्या शेजारी रात्री कुणीतरी झोपायचं. अळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, खसखशीची खीर, बाळंतशेपा. गुजराती शेजारणीकडून येणारं काटलुं, सुंठ-गुंदराची राब, सुव्याचं पाणी. बडोद्यातल्या मराठी घरात हे दोन्ही चालतं आणि बाळंतीण दोन्हीला कंटाळते. या पदार्थांनी दूध वाढतं का, यावर वाद घालता येईल. दूध आणि रक्त गमावणाऱ्या बाईला तूप, गूळ, तेलबिया आणि वेळेवर अन्न मिळतं, एवढी गोष्ट वादापलीकडची आहे.

माती पुढची. बाळाला आल्याआल्या मधाचं बोट. गुजराती घरांत गळथूथी: गूळपाण्याचे किंवा मधाचे थेंब, तेही ज्याचा स्वभाव बाळाला लागावा अशी इच्छा आहे अशा माणसाच्या हातून. विधी गोड आहे. पण वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातक ठरू शकतो, त्यातले काही जंतू त्या वयाच्या आतड्यात वाढतात आणि विष तयार करतात. मग सहाणेवर उगाळलेली गुटी, वेखंड, ग्राइप वॉटर. भर मे महिन्यात, बाहेर त्रेचाळीस अंश असताना, दारं-खिडक्या बंद करून शेगडी. बाळंतिणीला पाणी कमी प्यायला द्यायचं, पोट सुटतं म्हणून! आणि सगळ्यात वाईट म्हणजे चीक टाकून देणं. पहिले दोन-तीन दिवस येणारं ते घट्ट, पिवळसर दूध ‘जड’ किंवा ‘साठलेलं’ म्हणून पिळून टाकलं जाई. म्हैस व्याली की गवळ्याकडे आधी सांगून ठेवून चीक आणायचा, खरवस करायचा, गुजराती घरांत त्याचीच बळी करायची, चवीने खायची आणि वाटायची. आणि घरच्या लेकराचा चीक मोरीत ओतायचा. एवढा उफराटा हिशेब करणाऱ्या माणसांना आपण शहाणी जुनी माणसं म्हणतो.

दवाखान्याने ही माती बरीचशी झाडली आणि त्याबरोबर सोनंही झाडून टाकलं. दोष एकट्या दवाखान्याचा नाही. आई-मुलांच्या बाबतीत बडोद्याला मोठा वारसा आहे. सयाजीराव महाराजांनी 1904 मध्ये बालविवाह प्रतिबंधक कायदा केला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात तसं काही नव्हतं. मुलींची वयोमर्यादा त्यात बाराच होती. आज ती वाचून अंगावर काटा येतो, पण त्या काळी तेवढ्यानेही गहजब झाला. 1949 मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झालं. हंसा मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. त्यांच्याच कारकिर्दीत, 1950 मध्ये, गृहविज्ञान शाखा उभी राहिली आणि आहार व पोषण हा विद्यापीठात शिकण्याचा विषय झाला. मेडिकल कॉलेजही 1949 चंच. सर सयाजीराव रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं एसएसजी, आणि त्यातलं रुक्मिणी चैनानी प्रसूतिगृह इथे मध्य गुजरातच्या गावागावांतून बायका येतात. एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी देशात 33 ठिकाणी सुरू झाली, त्यात गुजरातचं पहिलं ठिकाण होतं छोटा उदेपूर, तेव्हाच्या वडोदरा जिल्ह्यातलं. म्हणजे शिकवणारे, मोजणारे, बाळंतपण करणारे आणि वाटप करणारे असे सगळे या एका जिल्ह्यात होते.

तरी देशाचे आकडे काय सांगतात ते पाहावं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. जन्मानंतर तासाभरात आईच्या छातीशी लागलेली मुलं किती? 41.8 टक्के. चौथ्या फेरीत हाच आकडा 41.6 होता. बायका दवाखान्यात पोचल्या, पण दवाखान्यात पोचल्याने तो पहिला तास काही हाती आला नाही. खासगी दवाखान्यांत तर 47.4 टक्के बाळंतपणं सिझेरियनने होतात. आई एका खोलीत, बाळ दुसऱ्या खोलीत आणि मध्ये कुणीतरी चमच्याने पाजलेलं वरचं दूध. सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरच्या दुधावर असलेल्या बाळांचं प्रमाण मात्र 54.9 वरून 63.7 वर गेलं. हे कशामुळे झालं याचं एकच कारण कुणी सांगू नये, पण घरोघरी जाणाऱ्या बायांचा त्यात वाटा आहे असं मी धरून चालतो.

आता डब्याबद्दल. बडोद्यात बसून डब्यावर रागावणं थोडं अवघड आहे. चाळीसेक किलोमीटरवर आणंद आहे. म्हशीच्या दुधाची भुकटी होत नाही असं परदेशी जाणकार सांगत असताना अमूलच्या हरिचंद दलायांनी ती करून दाखवली. मग म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या मदतीने म्हशीच्या दुधापासून बेबी फूडही झालं. त्याआधी ते परदेशातून येत असे. ही कर्तबगारी खरीच आहे आणि तिचा अभिमान वाटण्यात गैर काही नाही. आई दगावली, मूल दत्तक घेतलं, आईला अशी काही औषधं चालू आहेत की अंगावर पाजता येत नाही, तेव्हा डबा लागतो आणि तेव्हा तो चांगला लागतो. प्रश्न आहे तो चौथ्या रात्री घाबरून आणलेल्या डब्याचा. जगभर कंपन्यांनी या घाबरण्यावरच धंदा केला. म्हणून 1981 मध्ये जागतिक आरोग्य सभेने विक्रीची आचारसंहिता 118 विरुद्ध 1 मतांनी मंजूर केली. विरोधातलं एकमेव मत अमेरिकेचं. भारताने 1992 मध्ये कायदा केला, 2003 मध्ये तो आणखी कडक केला. दोन वर्षांखालच्या मुलांच्या अन्नाची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, डब्यावर गुटगुटीत बाळाचं किंवा आईचं चित्र छापायचं नाही, डॉक्टरांना भेटी आणि परिषदांना पैसे द्यायचे नाहीत. कायदा जगातल्या कडक कायद्यांपैकी आहे. तो बाळंतिणीच्या घरी कुणी वाचत नाही, ही त्याची अडचण. अमूलच्याच कारखान्यातून आज आंगणवाडीत वाटायच्या ‘मातृशक्ती’च्या पुड्याही निघतात, बाळंतिणीने स्वतः खाण्यासाठी. दुग्धव्यवसायाने बाळाऐवजी आईला खाऊ घालावं, हा बदल मला फार पसंत आहे.

दूध कसं येतं हे समजलं की अर्धी घबराट जाते, म्हणून ते इथेच थोडक्यात सांगतो. पुढे त्यावर पूर्ण प्रकरण आहेच. दूध साठवणीतून येत नाही, मागणीवर बनतं. बाळ जितकं ओढेल तितकं पुढच्या वेळी तयार होतं. दर वेळी वरचं दूध दिलं की तेवढी मागणी कमी होते आणि खरोखरच दूध आटू लागतं. भीती स्वतःला खरी करून दाखवते. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभर मावतं, म्हणून तेवढासा चीक पुरतो. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं, त्यात रात्रीचं चुकवायचं नाही, कारण दूध बनवणारा प्रोलॅक्टिन हा स्राव रात्री जास्त असतो. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे, आणि तो दुखणं, लाज, धास्ती यांनी अडतो. सासूबाई पडद्यापलीकडून ‘आलं का?’ म्हणून विचारत असतील तर तो हमखास अडतो.

आणि मग धरण्याची पद्धत. सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. बाळाच्या तोंडात नुसतं बोंड गेलं तर आईला चिरा पडतात आणि बाळाला दूध मिळत नाही. भोवतालचा काळसर भाग, त्यातही खालचा जास्त, तोंडात जायला हवा. हनुवटी छातीत रुतलेली, नाक मोकळं, खालचा ओठ बाहेर वळलेला. आईने वाकून बाळाकडे जायचं नाही, बाळाला आईकडे आणायचं. पाठीला उशी हवी. मुंबईच्या आयआयटीत डॉ. रूपल दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या धरण्याच्या पायऱ्या मुद्देवार मांडल्या, ज्या बाजूला पाजायचं तिच्या उलट हाताने बाळाला आधार द्यायची पद्धत शिकवली आणि त्यांची चलचित्रं मराठी-गुजरातीसह अनेक भाषांत केली. चलचित्र पाहून समजतं. पण रडणारं बाळ हातात, टाके दुखताहेत, रात्रीचे तीन वाजलेत, अशा वेळी फोन पाहून कुणालाही काही जमत नाही. तेव्हा शेजारी बसून बाळाचं डोकं इंचभर सरकवणारा हात लागतो. ही पाच मिनिटांची मदत आहे. ती वेळेवर मिळाली तर पुढचे सहा महिने सुरळीत जातात, आणि न मिळाल्यास पाचशे रुपयांचा डबा दर आठवड्याला घरात येतो.

दूध पुरतं आहे हे ओळखायचं कसं? रडण्यावरून नव्हे, बाळं शंभर कारणांनी रडतात. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा जास्त दुपटी ओली झाली पाहिजेत. पहिल्या दिवसांत सात-आठ टक्के वजन उतरणं नेहमीचं आहे आणि दोन आठवड्यांत ते भरून येतं. दहा टक्क्यांच्या वर उतरलं, बाळ ओढतच नाही, अंग गार लागतं, पायाचे तळवे पिवळे दिसतात, तर घरात बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. आईला ताप आला, रक्तस्राव वाढला, छातीवर लाल चट्टा उठला तरी तसंच. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला उगाच रडू येतं ते आपोआप जातं. दोन आठवड्यांनंतरही जात नसेल तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. ‘सगळ्याच बायका जातात यातून’ हा त्यावरचा उपचार नाही.

घरी जाणाऱ्या बाईने खरोखर फरक पडतो का, की ही आपली भावना? याला पुरावा आहे आणि त्यातला सर्वात वजनदार मराठी मुलखातला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 39 गावांत गावच्याच, थोडं शिकलेल्या बायांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. नवजात बाळाच्या घरी वारंवार जायचं, अंगावर पाजण्यात मदत करायची, ऊब राखायची, वजन घ्यायचं, जंतुसंसर्ग ओळखायचा आणि त्यावर औषधही द्यायचं. तिसऱ्या वर्षी शेजारच्या, हे काम नसलेल्या गावांच्या तुलनेत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 च्या डिसेंबरात हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि घरी येणाऱ्या बाईकडे पाहण्याची जगाची नजर बदलली. सरकारने 2011 मध्ये हीच पद्धत आशांच्या हाती दिली: दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी भेट. तिसरा दिवस आणि सातवा दिवस. ज्याने ही तारखांची माळ गुंफली त्याला बाळंतिणीचं घर माहीत होतं.

गडचिरोली हे जंगलातलं उदाहरण झालं, शहरात काय, असं कुणी म्हणेल. तर ढाका घ्या. तिथल्या दाट वस्त्यांत, स्वतः मुलं अंगावर पाजलेल्या स्थानिक बायांना दहा दिवस शिकवून घरोघरी पाठवलं. दिवस भरत आल्यापासून बाळ पाच महिन्यांचं होईपर्यंत प्रत्येक घरी 15 भेटी. पाच महिन्यांनी त्या घरांतली 70 टक्के बाळं फक्त आईच्या दुधावर होती; जिथे अशी बाई गेली नाही तिथे 6 टक्के. हा अभ्यास 2000 सालचा. 2003 साली हरियाणातून असाच निष्कर्ष आला: आंगणवाडी सेविका, दाया आणि आरोग्य कर्मचाऱ्यांनी प्रत्येक गाठीभेटीत हेच सांगितलं तिथे तीन महिन्यांच्या बाळांत 79 टक्के, इतरत्र 48. सत्तर आणि सहा यांतलं अंतर दुधाचं नव्हतं. दोन्हीकडच्या आयांचं शरीर सारखंच होतं.

बडोद्यात ही बाई कुणाकडे जाते? तालुक्यांतल्या गावांत आशा बहेन जाते, ममता दिवसाला वजन होतं, आंगणवाडीची तेडागर, म्हणजे मदतनीस, पोरांना घेऊन येते आणि जाता जाता बाळंतिणीची खबरही. शहरात आशा आहेत त्या प्रामुख्याने झोपडवस्त्यांसाठी. सरकारच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, पैसा कमी आणि गरज तिथे जास्त. पण त्यामुळे एक विचित्र गोष्ट होते. आठव्या मजल्यावरच्या फ्लॅटमधली इंजिनिअर मुलगी, जिच्याकडे विमा आहे, खासगी बालरोगतज्ज्ञ आहे, महागडा ब्रेस्टपंप आहे, तिच्या घरी तिसऱ्या दिवशी कुणीच येत नाही. येते ती मालिशवाली. म्हणून या पुस्तकात मालिशवालीसाठी स्वतंत्र प्रकरण आहे, आणि मला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. रोज सकाळी तासभर बाळ आणि बाळंतीण दोघांना हाताळणारी, घरचे जिचं ऐकतात अशी शहरातली ती एकमेव बाई आहे. ती ‘दूध कमी आहे, डबा आणा’ म्हणाली तर डबा येतो. ती ‘थांबा, आधी नीट लावून बघू’ म्हणाली तर तो येत नाही. तिला शिकवण्याचा खर्च एका परिसंवादाच्या जेवणापेक्षा कमी येईल.

तिच्या स्वतःच्या बाळंतपणाचं काय, हेही विचारायला हवं. 2017 च्या दुरुस्तीने प्रसूतीची रजा 26 आठवड्यांची झाली, पन्नासवर माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झालं. विद्यापीठातल्या, बँकेतल्या, मोठ्या कारखान्यातल्या बाईला ते मिळतं. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत कंत्राटावर डबे भरणारी, चार घरी मालिश करणारी, बांधकामावर विटा वाहणारी बाई महिन्याभरात कामावर परतते, कारण त्या महिन्यात तिचं उत्पन्न शून्य असतं. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळासाठीचे 5,000 रुपये हप्त्यांनी येतात आणि कागदपत्रं जुळली तरच येतात. सहा महिने फक्त अंगावर पाजा हा सल्ला अशा बाईला द्यायला जाताना आवाज थोडा खाली ठेवावा. तिला हाताने दूध काढून स्वच्छ वाटीत ठेवायला आणि मागे राहिलेल्या आजीला ते वाटी-चमच्याने पाजायला शिकवणं हे जास्त कामाचं आहे. खोलीच्या तापमानाला ते तीन-चार तास सहज टिकतं.

एका आईचं दूध दुसऱ्या बाळाला, हा जुना मार्ग आज दुधाच्या पेढीतून जातो. आशियातली पहिली पेढी मुंबईतल्या शीव रुग्णालयात 27 नोव्हेंबर 1989 रोजी डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. दात्या आईची रक्ततपासणी होते, दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवून जंतुमुक्त करतात आणि ते मुख्यतः अपुऱ्या दिवसांच्या, आजारी बाळांसाठी राखून ठेवतात. धाराऊंच्या काळी तपासणी नव्हती. आज शेजारणीने परस्पर पाजू नये, याचं कारण हेच. बडोद्यासारख्या शहरात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मुस्लिम कुटुंबांत दुधाचं नातं रक्ताच्या नात्याइतकं मानतात आणि दूधभावंडांचं लग्न होत नाही. पेढीतलं दूध देण्याआधी घरच्यांशी बोलणं हा तिथे शिष्टाचार नसून गरज आहे.

विश्वामित्रीचं नाव घेतल्याशिवाय बडोद्यावरचं लिखाण पुरं होत नाही. 2019 च्या जुलैअखेरीस आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये शहर पाण्यात होतं. अशा वेळी दानशूर लोक मदतीच्या पिशव्यांत दुधाच्या भुकटीचे डबे घालू पाहतात. हेतू चांगला असतो, पण गढूळ पाण्यात कालवलेली भुकटी न उकळलेल्या बाटलीतून तान्ह्याच्या पोटात गेली की जुलाब ठरलेले. पुरात अडकलेल्या आईला पाजायला आडोसा, प्यायला पाणी आणि खायला अन्न द्यावं. तिचं दूध पुरात नासत नाही. डबा फक्त त्या मोजक्या बाळांना, ज्यांना तो आधीपासून लागतो आहे, आणि तोही स्वच्छ पाण्याच्या सोयीसकट. नगरसेवकांनी आणि गणेश मंडळांनी हे पान कापून जवळ ठेवलं तरी चालेल.

पुढची प्रकरणं क्रमाने वाचायची गरज नाही. सातव्या महिन्यात असलेल्या बाईच्या घरी जात असाल तर पहिलं उघडा, चौथ्या रात्रीचा फोन आला असेल तर तिसरं. नवऱ्यांसाठीचं प्रकरण लहान आहे आणि ते त्यांनी स्वतः वाचावं, बायकोकडून वाचून घेऊ नये. तुमच्या इमारतीत, गल्लीत कुणाचं बाळंतपण झालं असेल तर बारशाची वाट पाहू नका. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशीच जा, हात साबणाने धुवा, बाळ मागून घेऊ नका, आईला विचारा की तिने पाणी प्यायलंय का आणि ती झोपली कधी होती. मोठं मूल असेल तर त्याला दोन तास आपल्या घरी न्या. बाळ कुणासारखं दिसतं ते पुढच्या खेपेला ठरवता येईल.